दुकानातली घरं

एकहार्ट उलिगचा छोट्या आगगाडीचा देखावा मासिकात छापून आला, त्या दिवशी आमच्या क्लबातल्या पुरुषांना आकाश ठेंगणं झालं. ते मासिक साऱ्या जर्मनीत जातं. छोट्या रेल्वेगाड्यांचा नाद असलेला माणूस दर महिन्याला त्याची वाट बघत असतो. आमच्यासारख्या डोंगरातल्या गावाला त्यात कोण विचारतंय! म्हणून अध्यक्ष फोल्कमारने फसफसती वाइन आणली, मी बटाट्याचं सॅलड केलं आणि जुन्या मालधक्क्याच्या खोलीत, जिथे आमचा क्लब भरतो, सगळे जमले.

एकहार्टची बायको रोस्विता माझ्या शेजारी बसली होती. गावातला पुठ्ठ्याचा कारखाना बंद पडेपर्यंत आम्ही दोघी तिथे कामाला होतो. मी खोकी बांधायचे, ती नमुने कापायची. कारखाना बंद झाला त्याच सुमारास एकहार्टने आमच्या खोऱ्यातल्या जुन्या नॅरो गेज लाइनीचा देखावा करायला घेतला. तेव्हा रोस्विता म्हणाली होती, "गाड्या पळवशील रे, पण त्या थांबणार कुठे?" आणि स्वतःच स्टेशन बांधायला बसली.

पुठ्ठ्याचं स्टेशन, पण हात लावल्याशिवाय कळायचं नाही. छपरावरची पाटीच्या दगडाची कौलं तिने कागदातून कापली आणि चिमट्याने एकेक करून बसवली. धुराड्याच्या बाजूची कौलं काळ्या खडूच्या भुकटीने काळवंडवली. मग मालाची शेड झाली, लाकडाची वखार झाली, शाळा, मेल्त्सरची बेकरी, ओढ्याकाठची घरं. त्यातली कितीतरी केव्हाच पाडून टाकलेली. त्यांच्यासाठी ती म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायची आणि विचारायची, "तुमच्या खिडकीच्या झडपा कुठल्या रंगाच्या होत्या हो?" उत्तर मिळेपर्यंत उठायची नाही.

एकहार्टचं काम थोडं होतं असं मी म्हणणार नाही. पितळेचा पत्रा वाकवून त्याने केलेले मालडबे बघायला ड्रेस्डेनहून माणसं यायची. देखाव्याखालचं तारांचं जाळं सगळं त्याचंच. पण गाडी गेली की माणसं मान वळवायची आणि घरांपुढे रेंगाळायची.

तर फोल्कमार खुर्चीवर उभा राहून मोठ्याने वाचत होता. इंजिनांबद्दल वाचलं, डब्यांबद्दल वाचलं. मग आलं, "इमारती बाजारात मिळणाऱ्या तयार किटमधल्या असून श्री. उलिग यांनी त्यांत किरकोळ फेरफार केले आहेत." तो न थांबता पुढे गेला आणि शेवटची ओळ वाचली, "पत्नीची सहनशीलता आणि तिची उत्तम कॉफी यांशिवाय हे शक्यच नव्हतं." पुरुष हसले. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"परत वाच," रोस्विता म्हणाली.

"कॉफीचं?"

"नाही. त्याच्या आधीचं."

फोल्कमारने परत वाचलं, या खेपेला हळू आवाजात. एकहार्ट पेला खाली ठेवून म्हणाला, "अगं, मासिकवाले काहीही लिहितात. त्यांना काय कळतंय?"

"हो का," ती म्हणाली. सॅलडला तिने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. घरून फोन करायचा नव्हता तिला. मासिकातर्फे शरद ऋतूत जो हेनिंग नावाचा मुलगा कॅमेरा घेऊन आला होता, त्याला तिने फोन लावला, आणि मलाही ऐकू येईल असा ओट्यावर ठेवला. चूक छापलीत, दुरुस्त करा, एवढंच तिला सांगायचं होतं.

तो बिचारा सरळ होता. म्हणाला, "उलिगबाई, मला स्वतःला शंका आली होती हो. असं किट मी कुठे पाहिलंच नव्हतं. मी विचारलं, कुठल्या कंपनीचं? तर उलिगसाहेब म्हणाले, जुनं आहे, आता मिळत नाही."

"मी कुठे होते तेव्हा?"

"तुम्ही... कॉफी आणायला गेला होतात बहुतेक."

तिने फोन बंद केला. मला वाटलं, आता रडेल. पण तिने माझा पाव पुढे ओढला, सुरी घेतली आणि कापायला लागली. एकसारखे तुकडे, कारखान्यात कापायची तसे. अख्खा पाव संपला तेव्हा थांबली आणि म्हणाली, "ट्राउडल, तुझ्याकडे जाड पुठ्ठा आहे?"

त्या आठवड्यात तिने खोकी केली. प्रत्येक इमारतीच्या मापाचं एक. घरभर खोकी बघून एकहार्ट मला जिन्यात म्हणाला, "यंदा बाईसाहेबांची ख्रिसमसची तयारी भलतीच जोरात आहे." मी म्हटलं, "हो, दिसतंय खरं." तिने त्याला जाब विचारला नव्हता म्हणून त्याला वाटत होतं, मिटलं.

आमचं प्रदर्शन अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्या शनिवारी उघडतं आणि सगळं खोरं लोटतं. आदल्या दिवशी दुपारी पुरुष रूळ पुसत होते, गाड्या चालवून बघत होते. रोस्विता खोक्यांनी भरलेली हातगाडी ढकलत आत आली, मागोमाग मी. कोट काढला, बाह्या सारल्या आणि सगळ्यात आधी शाळा उचलली.

"काय चाललंय?" एकहार्ट म्हणाला.

"किट परत नेतेय."

"कसलं किट?"

"जुनं आहे. आता मिळत नाही."

त्याचा चेहरा मानेपासून वरपर्यंत लाल झाला. बाकीच्यांना काही कळेना. फोल्कमार धावत आला. "रोस्विता, उद्या दारं उघडायची आहेत! गावभर पोस्टरं लागलीयत. घरचं भांडण घरात ठेव ना, बाई."

"इतकी वर्षं माझं सगळं घरातच ठेवलंय याने, फोल्कमार. म्हणून तर हातगाडी आणलीय." तिने वखार उचलली. "त्या मासिकवाल्याला याने काय सांगितलं, माहितीये? दुकानातून आणलीयत म्हणून. त्या पोराने कंपनीचं नाव विचारलं तरी."

सगळे एकहार्टकडे बघायला लागले. तो ओरडला, "मग काय सांगायला हवं होतं मी? केमनित्झच्या क्लबातले ते लोक दर वर्षी इथे उभे राहून काय म्हणतात? 'उलिग, हे तर बायकोचं बाहुलीघर, मधून तुझी गाडी जाते!' सगळ्यांदेखत म्हणतात. तेच छापून आणू? साऱ्या देशात?"

"म्हणून माझे हातच पुसून टाकलेस."

"मी बांधलं असं तरी नाही ना म्हणालो! चोरलं तर नाही!"

तिच्या हातात बेकरी होती. ती थांबली. "चोरलं असतंस तर परवडलं असतं. चोराला निदान ठाऊक असतं, वस्तू कुणाची तरी आहे. तू म्हणालास, ही कुणाचीच नाही."

एक गाडी तेवढी आपली फिरत होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

घरांतल्या दिव्यांच्या तारा खाली देखाव्यात गेल्या होत्या. ती ओढतेय हे बघून एकहार्ट पुढे झाला. "थांब, तारा तरी सोडवू दे, सगळं सर्किट जाईल!" तिने त्याच्याच खिशातली पक्कड काढली आणि खटाखट तारा तोडल्या. "दिवे तुझे, तारा तुझ्या. ठेव."

मी खोकी उचलून हातगाडीत रचत होते. एकहार्ट म्हणाला, "ट्राउडल, तू पण?"

"मी पण," मी म्हटलं. "सरक, वाट दे."

आम्ही निघालो तेव्हा देखाव्यावर नुसत्या टेकड्या, रूळ, आणि जिथे घरं होती तिथे फिकट चौकोन राहिले होते. स्टेशनच्या फलाटावर चिमुकले उतारू सामान घेऊन उभे, आणि त्यांच्या पाठीमागे काहीच नाही.

पुरुष केमनित्झला पळाले आणि दुकानात जे होतं ते घेऊन आले. शनिवारी सकाळी मी कॉफीच्या टेबलामागून बघितलं. आमच्या पाटीच्या दगडाच्या गावात जर्मनीच्या पार दुसऱ्या टोकाच्या ब्लॅक फॉरेस्टची लांब छपरांची घरं उभी होती, खिडक्यांतून लाल फुलं लोंबत होती, प्लॅस्टिक चकचकत होतं. एका भिंतीवर गोंद लागलेल्या अंगठ्याचा ठसा.

लोक यायचे, बघायचे आणि गोंधळायचे. दुपारी मेल्त्सरआजी चालायच्या आधाराची गाडी ढकलत आल्या. त्या दर वर्षी फक्त बापाची बेकरी बघायला येतात. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"बेकरी कुठाय?"

"दुरुस्तीला दिलीय, आजी," एकहार्ट म्हणाला.

"काय झालं तिला? आणि आमच्या दारात ही गाय कशाला? बोलाव रोस्विताला. दाराचा हिरवा रंग जमावा म्हणून माझ्याकडे किती खेपा घातल्या तिने. ती देईल शोधून."

"ती घेऊन गेली."

"काय?"

"रोस्विता घेऊन गेली. तिची होती."

"मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाही."

मग एकहार्ट मोठ्याने बोलला. "घरं सगळी रोस्विताने बांधली होती, आणि मी मासिकाला सांगितलं दुकानातली आहेत." त्याचा आवाज मालधक्क्याच्या टोकापर्यंत गेला. आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. "लाज वाटायला हवी," म्हणाल्या आणि गाडी वळवून निघून गेल्या. माझ्याकडे केक घ्यायलाही थांबल्या नाहीत.

संध्याकाळी मी रोस्विताला सगळं सांगितलं. खरं सांगते, मला वाटलं होतं ती जरा निवळेल. बिचारा सगळ्या गावासमोर बोलला तरी.

ती उसळली. "कुणासमोर बोलला? ज्यांना आधीपासून ठाऊक होतं त्यांच्यासमोर! मासिक कुठे जातं, आणि मेल्त्सरआजी कुठे राहतात?"

तिचंच खरं होतं.

तिने एकहार्टला सांगितलं, हेनिंगला फोन कर, माझ्यासमोर कर, आणि तुझ्या तोंडाने सांग. तो टाळत राहिला. आज सर्दी आहे, उद्या सण आहे. ती रोज जेवायला बसली की फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवायची. नाताळ उलटून गेला तेव्हा कुठे त्याने केला. मासिकात दुरुस्ती आली, शेवटच्या पानावर, जुनी इंजिनं विकायच्या जाहिरातींमध्ये, काडेपेटीएवढी. हेनिंगला ती पुरेशी वाटली नाही. त्याने रोस्विताला विचारलं, फक्त तुमच्या घरांवर लेख करू का? ती म्हणाली, "या. कॉफी मात्र तुमची तुम्ही आणा." तो खरंच थर्मास घेऊन आला.

घरं तिने क्लबाला परत दिली नाहीत. ग्रंथालयावरच्या खोलीत गावाचं छोटं संग्रहालय आहे, तिथे ओढ्याकाठच्या क्रमाने मांडली आणि दारात स्वतःचं नाव लावलं. शाळेतली मुलं येतात, म्हातारी माणसं येऊन एकमेकांशी वाद घालतात. रूळ नाहीत. क्लबातले पुरुष आता पुठ्ठा कापायला शिकतायत, आणि त्यांची कौलं सरळ बसत नाहीत. तिला विचारायचा धीर कुणाला होत नाही.

एप्रिलात मी तिथे होते तेव्हा एकहार्ट आला. टोपी काढून स्टेशनपुढे बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "इथे पुढे रूळ टाकू का एक? लहानसा. गाडी नको असेल तर गाडी नको."

"नाही," रोस्विता म्हणाली.

"रोस्विता, स्टेशन आहे गं ते."

"विचारलंस हे बरं केलंस. पण नाही."

त्याने टोपी घातली आणि तो जिना उतरून गेला. ती नव्याने बांधायला घेतलेल्या गिरणीच्या छपराला लागली होती. चिमट्याने पुढचं कौल उचललं. मी तिची समजूत काढावी असं कदाचित त्याला वाटत असेल. मी काढली नाही. तिच्यासमोर बसून कौलांचा कागद कापायला लागले.