शिळं पाणी

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना निळा ड्रम आहे, आणि तुम्ही दोंडाईच्यात आमच्या गल्लीत राहत असता तर माझी किंमत तुम्हाला सांगावी लागली नसती. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे देवघरानंतर मान ड्रमचाच असतो.

नरडाण्याच्या एका कारखान्यात मी तेल भरून आलो आणि रिकामा होताच विक्रीला निघालो. किरणभाऊंनी मला घरी आणलं. त्यांच्या आईने, भिकुअक्काने, राख आणि नारळाच्या शेंडीने मला इतकं घासलं की माझा तेलकटपणा जन्माचा गेला. तिचे गुडघे गेले होते, शेत सुटलं होतं. नळावर लक्ष ठेवायचं आणि मला भरायचं, एवढंच काम तिच्या वाट्याला उरलं होतं आणि ते ती मोठ्या तोऱ्यात करायची. नळ आला की आधीचं उरलेलं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतायचं आणि मला ताज्या पाण्याने काठोकाठ भरायचं, हा तिचा नेम. घरात शिळं पाणी ठेवणं तिला पाहुण्याला शिळी भाकर वाढण्यासारखं वाटायचं.

पुढे गच्चीवर टाकी बसली, खाली मोटर आली. बटण दाबलं की पाणी वर. गरज सरो, वैद्य मरो! मी मागच्या अंधाऱ्या खोलीत गेलो आणि अक्का पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर. आम्ही दोघं एकदमच बेकार झालो. अक्का बोलेनाशी झाली. ताटातलं अर्धं ताटातच राहू लागलं. तिच्या सुनेला, मेघाला, ते दिसत होतं.

मेघानेच मोबाइलवर पाहून मातीविना टमाटे लावायचा घाट घातला. माझ्या झाकणाला भोकं पाडली, जाळीच्या पेल्यांत रोपं बसवली आणि त्यांची मुळं माझ्यातल्या पाण्यात सोडली. त्या पाण्यात मोजून खत घातलं. बुडबुडे सोडणारा छोटा पंप हबीबभाईंच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून आणला, वर पांढरे दिवे टांगले. आता माझ्या पोटात नुसतं पाणी नव्हतं, टमाट्यांचं जेवण होतं. हे अक्काला मात्र कोणी सांगितलं नाही. तिला काम दिलं ते फुलं हलवायचं. बंद खोलीत ना वारा, ना मधमाशी. टमाट्याचं फूल हललं नाही तर बहुतेकदा फळ न धरताच गळून जातं.

अक्का रोज सकाळी भिंत धरत यायची आणि एकेका देठाला हलकी टिचकी मारायची.

"हाल व माय, हाल," ती फुलाला म्हणायची. "आठे तुले वारा नई शे. मीच तुना वारा."

फळं धरली. अक्का पोटभर जेवू लागली. सोनगीरच्या किल्ल्याखाली तिच्या माहेरचा मळा होता, त्याच्या गोष्टी ती मेघाला सांगू लागली. पहिलं पिकलेलं टमाटं अक्कानेच तोडायचं, असं ठरलं. मलाही वाटलं, आपले दिवस फिरले.

मग एका दुपारी वीज गेली आणि नेमका तेव्हाच नळ आला. घरात अक्का एकटी. वीज नाही म्हणजे मोटर नाही, पाणी वाया जाणार. तिने होती नव्हती ती भांडी भरली आणि मग तिला मी आठवलो. झाकण सरकवून तिने आत डोकावलं. पाणी पिवळट दिसत होतं.

"कितला दिननं शिळं पानी शे हाई," ती हळहळली.

दुखरे गुडघे मला टेकवून, वाकून तिने मगाने ते सगळं बादलीत काढलं, मोरीत ओतलं आणि मला ताज्या पाण्याने भरलं. मित्रांनो, मी ओरडलो असतो. पण ड्रमला तोंड मोठं असलं तरी आवाज नसतो.

नळ आला होता आणि सगळं पाणी ताजं भरलं, हे संध्याकाळी तिने किरणभाऊंना सांगितलंसुद्धा. "पानी उनथं. मी बठ्ठं ताजं भरी टाकं."

"हं," मोबाइलवरून नजर न उचलता ते म्हणाले.

पानं पिवळी पडत गेली. हिरव्या टमाट्यांची बुडं काळी पडली, सडली. पिकण्याआधीच सगळी गेली. पाण्याला कोणी हात लावला, असं किरणभाऊंनी विचारलं.

"मी," अक्का म्हणाली. "शिळं व्हतं ना रे भाऊ."

"माय, आते तू कसालेच हात लावू नको."

त्यांनी आवाज चढवला नाही. पण अक्काने दोन्ही हात पदराखाली घेतले.

मेघाने पुन्हा खत घातलं. "आई, मीच सांगायला हवं होतं," असं ती किती वेळा म्हणाली. रोपं सावरली, नवी फुलं आली. अक्का आली नाही. मेघा आठवेल तेव्हा टिचकी मारते, पण तिच्यामागे कामं फार. फुलं माझ्या झाकणावर गळून पडतात आणि तिथेच सुकतात. परवा वीज नसताना नळ आला. पाणी वाहत राहिलं आणि अक्का खुर्चीवर ते ऐकत बसून राहिली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. ड्रम दुसरा मिळतो. पण तुमच्या घरात कोणाच्या हातून मायेपोटी चूक झाली, तर पाणी बदला, खत बदला, त्या हातातलं काम काढून घेऊ नका. मला आता कशाचीच आशा उरलेली नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आज दुपारी सगळे जेवायला बसले होते. माठ अक्काच्या हाताशीच असतो, बसल्या जागी पाणी घेता येईल इतका जवळ. तरी तिचा आवाज मला मागच्या खोलीत ऐकू आला.

"मेघा, मी पानी लेऊ का व?"