नवव्या पानावरचे राहून गेलेले वाक्य

मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. बावीस पानांची, कोपऱ्यात पिन मारलेली. मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार पंचवीस सालच्या जानेवारीतल्या एका शनिवारची. त्या दिवशी दाट धुके पडले होते आणि माझ्यात एक वाक्य कमी होते.

माझा जन्म मैदानाला लागून असलेल्या स्पर्धा-कार्यालयात झाला. मुलींच्या फुटबॉल सामन्यांचे वेळापत्रक आणि निकाल तिथल्या संगणकावर ठेवलेले असत. चष्मेवाल्या तंत्रज्ञाने अशी यंत्रणा केली होती, की कुणाचाही एआय मदतनीस तिला विचारू शकेल: सामना कधी, कुठे, निकाल काय. पण कसे विचारायचे आणि उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे मदतनिसाला कुणीतरी लिहून द्यायला हवे होते. ते काम भाचीने केले. निकाल लिहिणाऱ्या बाईंची ती भाची. बाईंना मात्र सगळे कार्यालय आत्याच म्हणे.

माझी जुळी बहीण संगणकावर राही. मदतनीस विचारायच्या आधी दर वेळी तिला वाचत. मी कागदावरची, खिडकीत ठेवलेली. चष्मेवाला मला चाळून म्हणाला, "हिच्यात विचारायला काही ठेवलंच नाहीस गं." मी किती फुगले म्हणून सांगू!

आत्यांची एक सवय होती. सामना ठरला की त्या वहीत पेन्सिलने शून्य-शून्य लिहीत. रिकामा रकाना दिसला की त्यांना चैन पडत नसे. सामना संपला की ते खोडून पेनने निकाल लिहीत. तीस वर्षे असेच चालले होते. संगणक आला तरी सामना ठरताच त्या शून्य-शून्य टाकीत. संगणकाला पेन्सिल नसते, म्हणून शेजारी 'स्थिती' असा रकाना होता: सामना 'ठरला', 'सुरू' की 'संपला'. माझ्या नवव्या पानावर फक्त एवढेच होते: 'गोल: दोन्ही संघांनी केलेले गोल.' भाची लहानपणापासून ती वही पाहत आलेली. यात अजून काय सांगायचे, असे तिला वाटले.

त्या शनिवारी सकाळी नऊचा सामना होता. त्यात बरोबरी झाली तर दोन तासांवरच्या गावातला निळा संघ स्पर्धेबाहेर. कुणीही जिंकले तर निळ्या मुलींचा उपांत्य सामना दुपारी चारला. धुक्यामुळे नऊचा सामना साडेअकराला सुरू झाला. एका संघाने दोन-एक असा तो जिंकला. सव्वा वाजता आत्यांनी निळ्या संघाच्या प्रशिक्षिकेला फोन लावला.

"निघालात ना?"

"कुठे? बरोबरी झाली ना सकाळी! माझ्या मदतनिसानं साडेदहालाच सांगितलं. बसही रद्द केली त्यानं. मुली रडून रडून घरी गेल्या."

"अहो बाई, साडेदहाला चेंडूसुद्धा मैदानात आला नव्हता! आत्ता संपला, दोन-एक. चारला तुमचा उपांत्य सामना आहे, निघा!"

आत्यांनी फोन ठेवला आणि संगणकाकडे पाहिले. मग स्वतःच्या बोटांकडे. "माझी शून्यं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मित्रांनो, मला तेव्हा कळले. मदतनीस खोटे बोलला नव्हता. त्याने माझ्या बहिणीला वाचले आणि तिने सांगितले तेच खरे धरले.

धुके चारही मैदानांवर होते. चारचा उपांत्य सामना सोडून दुपारचे बाकीचे सामनेही उशिरा लागणार होते, आणि सगळ्या संघांचे मदतनीस तोच प्रश्न विचारणार होते. चष्मेवाला म्हणाला, "यंत्रणाच बदलतो. तुझ्या पुस्तिकेचं नंतर बघू."

"किती वेळ लागेल?" भाचीने विचारले.

"तीन तास."

"मग तू तुझं सुरू कर. मला तीन मिनिटं पुरतील."

तिने मला खिडकीतून ओढले आणि नवव्या पानाच्या कडेला पेन्सिलने लिहिले: 'आधी स्थिती पाहा. स्थिती "संपला" असेल तरच गोल हा निकाल समजा. नाहीतर शून्य-शून्य म्हणजे अजून काहीच झालेले नाही.' मग तेच संगणकावर घातले.

निळ्या मुली आईबापांच्या गाड्यांत कोंबून निघाल्या होत्या. नियम असा, की वेळेनंतर पंधरा मिनिटांत संघ मैदानात नसेल तर तो हरला. तो निकाल आत्यांनीच लिहायचा. चार वाजले. चार पाच. चार दहा. आत्यांनी पेनचे टोपण काढले.

"आत्या, दोन मिनिटं इकडेतिकडे करा ना," चष्मेवाला पुटपुटला.

"घड्याळ काय माझ्या माहेरचं आहे? समोरच्या मुलीही थांबल्यात ना थंडीत!" पण टोपण धरलेला हात छातीशी गेला होता.

चार तेराला फाटकातून पहिली गाडी आत आली. मुली बुटांच्या नाड्या न बांधताच धावल्या.

त्या दोन-एकने हरल्या. आत्यांनी तो निकाल पेनने लिहिला. मग मला पुढ्यात ओढून भाचीचे पेन्सिलचे वाक्य एकेक अक्षर शाईने गिरवले. "आता पक्कं," म्हणाल्या.

चष्मेवाल्याने रात्रीपर्यंत यंत्रणा बदलली. न झालेल्या सामन्याचा रकाना आता रिकामाच राहतो. त्यावरून आत्या आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. डोळ्यांचे ऑपरेशन झाले, आता नातीच्या खेळाचे निकाल लिहितात, पेन्सिलनेच सुरुवात करून. प्रशिक्षिकेचा संघ पुढच्या खेपेला जिंकला. तरी बस रद्द करण्याआधी त्या अजून कार्यालयात फोन करतात. भाची आता दुसऱ्यांच्या यंत्रणांच्या पुस्तिका लिहिते. नव्या ठिकाणी गेली की तिचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडे पेन्सिलनं काय काय लिहितात?"

आणि मी? माझ्या नव्या आवृत्त्या निघाल्या. माझ्या मुखपृष्ठावर चहाच्या कपाचे गोल उमटले आहेत, आणि खिडकीचे दार आपटू नये म्हणून माझी घडी करून फटीत खुपसतात. त्याचे मला दुःख नाही. एवढेच मागते, मित्रांनो: कुणासाठी काही लिहून ठेवाल, तेव्हा जे तुमच्या अंगवळणी इतके पडले आहे, की सांगायचे सुचतही नाही, ते आधी लिहा. आणि मला टाकायची वेळ आली, तर नववे पान तेवढे काढून घ्या. त्यावरची शाई अजून पुसट झालेली नाही.