गजऱ्याखालचा खळगा

रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या ताम्हनकरांच्या फ्लॅटमध्ये पोह्यांसाठी कांदा चिरून तयार होता. खुर्च्यांवर धुतलेले अभ्रे चढले होते. श्यामलाबाई लेकीच्या केसांत गजरा माळत होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष तिच्या उजव्या कानाच्या वर होतं. तिथे स्पृहाच्या कवटीला तळहाताएवढा खळगा होता.

मागच्या वर्षी हिंजवडीच्या कंपनीतून येताना तिची स्कूटी घसरली होती. त्या संध्याकाळीही पाहुणे बघायला यायचे होते. हेल्मेट घालू नकोस, केस चपटे बसतात, असं आईनेच फोनवर बजावलं होतं. जीव वाचवायला फुटलेलं हाड काढून टाकावं लागलं. आता तिथे मेंदूवर नुसती कातडी होती.

डॉक्टरांनी नवा उपाय सुचवला. खळग्यात बारीक छिद्रांची जाळी बसवायची, तिच्यात हाड वाढवणारी प्रथिनं मुरवायची, मग मांडवावर वेल चढतो तसं स्पृहाचंच हाड हळूहळू जाळीतून वाढत जाईल. यश येईलच असं नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तोवर जपायला एक कडक टोपी दिली. मात्र ऑपरेशनसाठी डोक्यावरचे वाढलेले केस पुन्हा काढावे लागणार होते.

झालं! तिथेच घोडं अडलं. बिनकेसांची मुलगी दाखवायची कशी? लग्न होऊन जाऊ दे, मग बघू, असं श्यामलाबाईंनी ठरवलं. यजमान श्यामसुंदरराव निवृत्त शिक्षक, हुंड्याविरुद्ध तावातावाने भाषणं देणारे. तेही पेपरात डोकं खुपसून बसले. आपल्याकडे सुधारणा नेहमी दुसऱ्याच्या घरी हवी असते, वाचकहो. शेजारणी विचारतील म्हणून टोपीसुद्धा कपाटात गेली. रोज सकाळी आई डावीकडचे केस उजवीकडे ओढून पिना लावू लागली.

गेल्या आठवड्यात कपाटाचं उघडं दार त्या जागेला घासून गेलं. स्पृहा भिंतीला धरून उभी राहिली. आई धावत आली आणि तिने आधी केस विस्कटले का ते पाहिलं. आपण काय केलं हे श्यामलाबाईंना जेवताना उमगलं. तरीही आजचा कार्यक्रम त्यांनी रद्द केला नाही.

वैशंपायन मंडळी वेळेवर आली. मुलगा सलिल कमी बोलणारा होता. बोलण्याचं काम त्याच्या आईकडे, मंदाकिनीबाईंकडे होतं. पोहे झाले, परदेशातल्या प्रोजेक्टच्या गप्पा झाल्या, मुलगी पसंत पडल्याचं दिसू लागलं. निघताना मंदाकिनीबाई कौतुकाने उठल्या. स्पृहाची दृष्ट काढून आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची म्हणून त्यांनी तिच्या डोक्याकडे हात नेले.

श्यामलाबाई मध्ये आल्या. “अहो, राहू द्या. केस आत्ताच बांधलेत.”

स्पृहाने आईकडे पाहिलं. मग मंदाकिनीबाईंचा हात धरून तिने तो गजऱ्याखाली ठेवला.

“हळू, काकू. इथे हाड नाहीये.”

अपघात, जाळी, केस, सगळं तिने शांतपणे सांगितलं. “आधी ऑपरेशन. त्यानंतर कुणाला मी हवी असेन तर बघू.”

मंदाकिनीबाईंनी हात मागे घेतला. त्या श्यामलाबाईंना म्हणाल्या, “माझ्या हाताने हिला काही झालं असतं तर?”

कळवतो म्हणून मंडळी गेली. पुण्यात त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. श्यामसुंदररावांनी पेपर उचलला, पण उघडला नाही.

श्यामलाबाई लेकीच्या मागे बसल्या. त्यांनी गजरा काढला, एकेक पिन काढली आणि खळग्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत तो हात तिथे झाकण्यापुरताच गेला होता. कातडीखाली ठोका लागत होता.

“मी इथे पिना लावत होते गं,” त्या रडू लागल्या. “उद्या दवाखान्यात जाऊ. केस मीच कापते.”

“आधी टोपी दे, आई.”

त्यांनी कपाटातून टोपी काढली आणि तिचा बंद स्पृहाच्या हनुवटीखाली बांधला. तेवढ्यात बेल वाजली. काय ठरलं ते विचारायला शेजारीण आली असणार. श्यामलाबाईंचा हात सवयीने टोपी काढायला पुढे झाला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि जाऊन दार सताड उघडलं.