पेंढ्याचं रेडकू

मी म्हैस बोलतेय, आणि गोड बोलणार नाही. किहीमच्या तात्यांच्या वाडीत माझा जन्म गेला. माझ्या दाट दुधाची फुशारकी त्यांनी पार रेवसच्या धक्क्यापर्यंत मारली. माझ्या शिंगांना मात्र कधी तेलाचा हात लागला नाही.

एकतीस साली मला रेडकू झालं. नर! त्याच सुमारास तात्यांच्या टांग्याची घोडी शिंगरू मागे ठेवून मेली.

"रेडकाला दूध कशाला?" तात्यांच्या बायको दुर्गाबाई म्हणाल्या. "रहाटाला एक रेडा आहेच. शिंगरू जगलं तर टांगा चालेल."

"पन रेडकू लावल्याबिगर ही पान्हवत न्हाय," गडी बाळाजी म्हणाला.

"मग लाव, आणि ओढून घे."

तसंच झालं. लेकरू दोन घोट घेई, मला पान्हा फुटे, की त्याला दाव्याला बांधत. माझ्या डोळ्यांदेखत दुधाची सगळी चरवी शिंगराच्या पोटात जाई.

"पाणी घालू नकोस हो," तात्या बजावत. "दाट पिऊ दे, घोडा व्हायचाय त्याला!"

अरे शहाण्यांनो, घोडीचं दूध पातळ असतं! तिचं पोर हुंदडता हुंदडता घडीघडीला चार घोट पितं. माझं पोर पोटभर पिऊन पडून राहतं, त्याला दाटच लागतं. मागे किनाऱ्याला देवमाशाची मादी लागली होती, तिचं दूध तर म्हणे लोण्यासारखं; गार पाण्यात पिल्लाला चरबी नको? ज्या आईचं दूध, ते तिच्याच पोराच्या मापाचं. एवढं साधं कळलं नाही तुम्हांला.

शिंगरू हगवणीनं गेलं. उपासानं खंगलेलं माझं लेकरूही मागोमाग गेलं. शिंगराला माडांखाली पुरलं. माझ्या लेकराचं कातडं सोलून, पेंढा भरून, माझ्यापुढे उभं केलं.

"चाट, तुजाच हाय," बाळाजी म्हणाला.

वास त्याचाच येतो. आत पेंढा आहे हे मला कळतं, तरी चाटते आणि पान्हा फुटतोच. माझं अंगच मला फितूर झालंय. मला त्याची चीड येते, तुमची त्याहून जास्त.

आता मी आटत चालले, तशी वैरणही कमी झाली. कातड्याची शिवण उसवलीय, पेंढा नाकाशी लोंबतो. पोटात आग पडते, पण त्याला मी तोंड लावत नाही. तुम्ही माझ्या लेकराच्या तोंडचं काढताना एवढा विचार केला नाहीत.

मी पुरती आटले की ते कातडं उकिरड्यावर टाकायचं ठरलंय. तुमच्याकडून मला दुसरं काही नको. ते तेवढं माझ्यासमोर राहू द्या.