चाळीस मिनिटांचे गाणे

गाणे पुन्हा थांबले तेव्हा देविदास स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हात तसेच पिठाने माखलेले घेऊन ते खोलीकडे निघाले. पण त्याआधीच गुणाबाईंची हाक घरभर फिरून आली होती. "अहो, अहो" अशी ती हाक एकदा सुरू झाली की नवरा समोर दिसेपर्यंत थांबत नसे, आणि तो लवकर दिसला नाही तर गुणाबाई थेट बाहेरच्या दाराच्या कडीला हात घालीत. देविदास दारात येऊन उभे राहिले. आत दाराजवळच्या भिंतीशी उभ्या असलेल्या गुणाबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिले, समाधानाने मान हलवली आणि त्या पलंगावर जाऊन बसल्या. दोन-तीन मिनिटांनी कपाटावरच्या लॅपटॉपमधून गाणे पुन्हा वाजू लागले. देविदासांनी हात धुतले आणि वहीत नोंद केली : चालले, एक्केचाळीस मिनिटे.

देविदासांचे वय एकोणसत्तर. तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेऊन त्यांनी चौतीस वर्षे वीज मंडळात काढली होती आणि निवृत्तीनंतर नांदेडातच या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बिऱ्हाड केले होते. गुणाबाईंना विसर पडू लागून चार वर्षे झाली होती. आधी त्या भाजीत मीठ विसरल्या, मग गल्ली विसरल्या, मग एकुलत्या एका मुलाला, अंगदला, पाहुणा समजू लागल्या. आता त्यांच्याजवळ दोनच गोष्टी उरल्या होत्या : नवऱ्याचा चेहरा आणि लग्नातली गाणी. हिमायतनगरला माहेरच्या एका लग्नात गुणाबाई आणि त्यांच्या बहिणींनी रात्रभर म्हटलेली हळदीची गाणी देविदासांनी टेपवर भरून घेतली होती; पुढे अशा कॅसेटींची पेटीच झाली. ती गाणी लागली की गुणाबाई मांडीवर ताल धरून शांत बसत. त्यातला ठसठशीत आवाज त्यांचा स्वतःचा होता, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. "ही बाई लई चांगली म्हणती," असे त्या कौतुकाने सांगत.

अंगदने कॉलेजात वापरलेला, चौदा वर्षांचा म्हातारा लॅपटॉप देविदासांनी या कामाला जुंपला होता. कॅसेटींवरची गाणी त्यांनी एका छोट्या डिस्कमध्ये उतरवली होती, ती डिस्क खोलीतल्याच वायफायच्या डब्याला जोडलेली होती. लॅपटॉप तिथून गाणी ओढून घेई आणि देविदास घरात कुठेही असले तरी मोबाइलवरून ती बदलू शकत. मध्येच जोडणी तुटली तर ती जुळताच गाणे पुढे सुरू व्हावे, अशी तजवीजही त्यांनी केली होती. हैदराबादहून अंगदने एकदा तोंडी हुकमावर वाजणारा नवा स्पीकर पाठवला होता. त्यातून बाईचा गोड आवाज आला, तेव्हा गुणाबाईंनी ही कोण घरात आणून ठेवली म्हणून दोन दिवस अबोला धरला. स्पीकर परत खोक्यात गेला.

देविदासांना हवे होते ते इतकेच की, हे गाणे सलग पाच तास चालावे. भोकरला त्यांची थोरली बहीण पंचफुलाबाई अंथरुणाला खिळली होती. पदविकेच्या तिन्ही वर्षांत ही अक्का रोज पहाटे उठून भाकरी थापी आणि सकाळच्या गाडीने त्यांचा डबा नांदेडला धाडी. आता तिने अन्न जवळजवळ सोडले होते आणि फोनवर एकच मागणे मागितले होते : एकदा येऊन जा. जायला-यायला बस, तासभर तिच्या उशाशी, म्हणजे पाच तास. समोरच्या दारातली शिल्पा मशीनवर ब्लाउज शिवत दोन्ही दारे उघडी ठेवायला आणि काकूंना जेवू घालायला एका पायावर तयार होती. फक्त गाणे चालू राहायला हवे होते. मागच्या महिन्यात ते एकदा निघालेही होते. बस शहराबाहेर पडते न पडते तोच शिल्पाचा फोन आला : गाणे बंद पडले, काकू जिन्यात आल्या आहेत. देविदास पुढच्या थांब्यावर उतरले. दोन वर्षांत भाजीच्या गाड्यापलीकडे ते गेले होते, ते तेवढेच.

तेव्हापासून त्यांनी यंत्राची झडती घ्यायला घेतली. एका वेळी एकच बदल, आणि त्याची नोंद झाल्याशिवाय दुसरा नाही, हा त्यांच्या शिक्षकांचा दंडक होता. लॅपटॉपने आपण होऊन झोपी जाऊ नये अशी व्यवस्था केली, गाणे थांबले. पंख्यातली धूळ दाढीच्या ब्रशने काढली, थांबले. वायफायवर भरवसा नको म्हणून डब्यापासून लॅपटॉपपर्यंत भिंतीने तार ओढली आणि वीत-वीतभर अंतरावर तिला खिळे मारले, तरीही थांबले. कधी अडतिसाव्या मिनिटाला, कधी चव्वेचाळिसाव्या. अंगदने फोनवर सांगितले की बाबा, ते भंगारात द्या. देविदासांनी उत्तर दिले की दोष कळल्याशिवाय वस्तू भंगारात देणे हा वस्तूवर अन्याय आहे.

वही चाळताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ते स्वतः खोलीत खुर्ची टाकून बसले होते त्या तिन्ही दिवशी गाणे अखंड वाजले होते. सहा तास, पाच तास, पुन्हा सहा. खोलीबाहेर गेले की मात्र ते पाऊण तास टिकत नव्हते. त्यांनी मोबाइलवर वायफायच्या डब्याचे पान उघडले. हा डबा किती वेळ सलग चालू आहे, हे तिथे लिहिलेले असते. सकाळपासून चालू असलेल्या डब्याने नऊ मिनिटे दाखवली.

म्हणजे जोडणी तुटत नव्हती. डब्याची वीजच जात होती, आणि परतही येत होती. डबा जागा व्हायला जी दोन-तीन मिनिटे घेतो, तेवढ्या वेळाने गाणे पुन्हा सुरू होत होते. एवढी साधी गोष्ट, आणि आपण मात्र नको तिथे खिळे ठोकत बसलो, याची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गाणे लावून ते खोलीबाहेर पडले आणि मागच्या गॅलरीत जाऊन खिडकीच्या फटीला डोळा लावून बसले. थंडीचे दिवस होते. पंखा बंद, दिवा बंद. दाराजवळच्या बोर्डावर डब्याच्या बटणाचा तेवढा लाल ठिपका जळत होता. गुणाबाई ताल धरून बसल्या होत्या. मग ताल मंदावला. त्यांनी दाराकडे पाहिले, रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. उठल्या, बोर्डाशी गेल्या आणि लाल ठिपक्याचे बटण अगदी सवयीच्या हाताने बंद केले. गाणे तुटले. "अहो." देविदास धावत खोलीत आले, तसे गुणाबाईंनी ते बटण परत चालू केले आणि त्या पलंगावर जाऊन बसल्या.

देविदासांना आधी हसू आले. मंडळाच्या क्वार्टरमध्ये असताना त्यांनीच बायकोला आणि मुलाला एक नियम घोटून घोटून शिकवला होता : खोलीत माणूस नाही तर बटण बंद, माणूस आला की चालू. वीज खात्यातल्या माणसाच्या घरी रिकाम्या खोलीत दिवा जळणे त्यांना अब्रूला बट्टा वाटे. सगळे विसरलेल्या बाईच्या हाताने तेवढा नियम धरून ठेवला होता. खोली रिकामी झाली असे समजून ती बटण बंद करत होती, आणि त्या खोलीत ती स्वतःला मोजतच नव्हती. यावर उपाय सोपा होता. खोलीत माणूस बसवायचा.

भीड गिळून त्यांनी शिल्पाला विचारले. एरवी ती आपल्या घरातून लक्ष ठेवणार होती, आता तासभर खोलीतच बसून पाहील का? ती हातशिलाईचे काम घेऊन आली आणि खुर्चीवर बसली. देविदास खाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन थांबले. चाळीस मिनिटांनी वरून गुणाबाईंची हाक ऐकू आली आणि ते धावत वर आले.

"काका, म्या इथंच बसून राहिले ना," शिल्पा दारात येऊन सांगू लागली. "काकू उठल्या, माझ्याकडं बघून हसल्या बी. म्हनल्या, बस माय, हे येतेत आता. अन् बटन बंद केलं."

देविदास खुर्चीवर बसून राहिले. नियम नव्हताच तो. गेल्या वर्षभरात गाणे जेव्हा जेव्हा थांबले, तेव्हा तेव्हा ते हातातले काम टाकून पळत आले होते. पहिल्यांदा हे बटण चुकून बंद झाले असेल, किंवा त्या जुन्या नियमानेही झाले असेल. पण बटण दाबले की नवरा येतो, हा धडा त्यांनी स्वतःच, न चुकता, रोज दोन-तीनदा गिरवून घेतला होता.

तरी त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. डब्याची पिन काढून कपाटामागच्या, बटण नसलेल्या थेट लाइनीत खोवली आणि दाराजवळच्या त्या बटणावर एक छोटा दिवा जोडून दिला. हाताला दाबायला काहीतरी राहील, दिवा विझेल, गाणे चालू राहील. शिल्पाला पुन्हा बसवले आणि ते गॅलरीत गेले. गुणाबाई वेळेवर उठल्या. बटण दाबले. दिवा विझला. गाणे चालूच होते. त्यांनी कान देऊन ऐकले. पुन्हा दाबले, पुन्हा. मग दोन्ही हातांनी बोर्डावरची सगळी बटणे एकामागून एक. शिल्पाने हात धरायला पाहिले तर तिला ढकलले. त्यांनी हाक मारली नाही, हे देविदासांना सर्वांत भयंकर वाटले. हाक मारण्याआधी गाणे थांबावे लागते, अशी जणू त्यांची पद्धत होती आणि ते थांबत नव्हते. बोर्डाकडे तोंड करून त्या लहान मुलीसारख्या थरथरू लागल्या. मागून त्यांचाच तरणा आवाज हळद लावायला बायांना बोलावत होता.

देविदासांनी आत येऊन कपाटामागची पिन उपटली.

शिल्पा पदराने डोळे पुसत म्हणाली, काका, तुम्ही जाऊन या, म्या दाराला कुलूप लावून बसते. ती मनापासून बोलत होती आणि ते शक्यही होते. देविदासांनी क्षणभर त्या कुलपाचा विचार केला. मग मान हलवली, पिन पुन्हा पहिल्या जागी खोवली आणि स्क्रू आवळून बोर्ड होता तसा बंद केला. गुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहून बटण लावले. लाल ठिपका पेटला.

शिल्पा गेल्यावर त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि भोकरला फोन लावला. अक्काच्या सुनेने तो तिच्या कानाशी धरला. आजवर ते दर आठवड्याला पुढच्या रविवारचा वायदा करत आले होते. तो आज त्यांच्या तोंडून निघेना.

"अक्का, मला येता येत न्हाई," ते म्हणाले. "आता न्हाईच येता येनार. यंत्रात दोष न्हाई. ती मला सोडत न्हाई."



"गुणा जेवली का?" अक्काने विचारले.

"जेवली. शिल्पानं चारलं."

"अन् तू?"

देविदासांनी घड्याळ पाहिले. साडेतीन वाजले होते. आपण सकाळपासून चहावरच आहोत, हे त्यांना आत्ता कळले. "चहा झालाय," ते म्हणाले. तेवढ्यावरून अक्काला उत्तर मिळाले.

"डबा पोचला न्हाई म्हन की," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खोल गेला होता, पण त्यातली थट्टा शाबूत होती. "जा, घेऊन ये ताट. म्या हाय फोनवर."

त्यांनी फोन पलंगावर ठेवला आणि ते उठले. गुणाबाईंची मान त्यांच्याबरोबर वळली; हात बटणाच्या दिशेने गेला. देविदास तिथल्या तिथे थबकले. मग ते दारापर्यंत पाठमोरे न होता, त्यांच्याकडे पाहत पाहत मागे सरकत गेले आणि स्वयंपाकघरातून हाताला लागली ती अर्धी भाकरी आणि ठेचा घेऊन, गाण्याचे एक कडवे संपायच्या आत परत आले.