करवंदीच्या जाळीतली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा डावा डोळा गेला आहे. उजव्याने दिसते, पण दुधातून पाहावे तसे. मित्रांनो, दमलेल्याला फार बोलायला लावू नये. पण तुम्ही मुलांनी माळ्यावरची पिशवी सोडलीत, मला बाहेर काढलेत आणि "ही कुणाची?" असे विचारलेत. आता विचारलेच आहे, तर ऐका.

माझा जन्म देहरादूनच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या काचा महिनाभर घासल्या गेल्या. मग अंगावर काळे रबर चढवले, गळ्यात चामडी पट्टा अडकवला आणि मला मुंबईच्या गोदीत पाठवले. डोंगरातली मी, थेट समुद्रावर जाऊन पडले. राखाडी रंगाच्या एका लढाऊ जहाजावर, उंच माचीवरच्या लोखंडी खोबणीत माझे घर होते. खारा वारा, डिझेलचा वास आणि सतत डोलणारी जमीन. पहिल्या पावसाळ्यात मला वाटले, मी फुटणार. फुटले नाही. सवय झाली.

माझा सांभाळ नरहरी नावाचे जुने सिग्नलवाले करत. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला निशाणांनी निरोप देणे हे सिग्नलवाल्याचे काम. नरहरी रोज सकाळी माझ्या काचा मऊ कापडाने पुसत आणि मगच चहा घेत. एकदा त्यांनी माझ्यातून एक मासेमारी होडी पाहिली आणि काच पुसून पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "साहेब, होडी मासे धरून परत निघालीय, आणि जाळी कोरडी कशी?" जहाज वळवले. त्या होडीत माशांऐवजी परदेशी रेडिओ निघाला आणि आपल्या गोदीचे फोटो निघाले. होडीतला माणूस खरा हेर होता. साहेबांनी नरहरींची पाठ थोपटली. माझी कोणी थोपटली नाही, पण मला बरे वाटले होते.

नरहरींच्या हाताखाली विलास नावाचा जवान शिकत होता. मुळशीचा, धरणाच्या पल्याडच्या काठचा. सगुणाबाईंचा एकुलता एक. लाल-पिवळी दोन निशाणे हातात घेऊन तो अक्षरे काढी. या कामाची एक रीत आहे, ती नरहरींनी त्याच्याकडून घोटून घेतली. एक शब्द दाखवायचा आणि थांबायचे. समोरच्याने हात वर केला, म्हणजे शब्द पोहोचला. हात वर झाला नाही, तर तोच शब्द पुन्हा. कितीही वेळा करावा लागला तरी तोच.

सन १९९८ मध्ये आमचे जहाज म्हातारे झाले म्हणून मोडीत काढले. मलाही 'बाद' शिक्का बसला, कारण माझ्यातून एकाचे दोन दिसू लागले होते. मी भंगार बाजारात पंख्यांच्या पात्यांखाली पडून राहिले. विलासने मला तिथे पाहिले आणि ओळखले. एका घड्याळजीकडून दुरुस्त करून घेतले. माणसाने आपल्याला ओळखावे, एवढे सुख पुष्कळ असते.

त्याच हिवाळ्यात तो सुट्टीवर आला. धरणाच्या पाण्यात लाँच मधोमध बंद पडली, तेव्हा त्याने दोन टॉवेल हलवून काठावरच्या होडीला बोलावले. लाँचमध्ये हेमलता होती, अल्याडच्या गावच्या हैबतरावांची मुलगी. ती म्हणाली, "अवो, इंजिनाला वारा घालताय का?" तिथून ओळख झाली. ती टायपिंगच्या क्लासला पौडला एसटीने जाई. विलास शेजारच्या बाकावर बसून दोन पेन्सिलींनी तिला अक्षरे शिकवी. कंडक्टर ओरडे, "ओ नेव्ही, हात आत घ्या, रेल्वेचं फाटक न्हाई ह्ये!" मराठी शब्द, इंग्रजी अक्षरे. हेमलता भराभर शिकली.

पुढच्या उन्हाळ्यात तो परत आला, तेव्हा क्लास संपला होता. हैबतरावांनी भूगावचे एक स्थळ पाहिले होते. रस्त्याला लागून जमीन, दोन जीपगाड्या. हेमलताचे बाहेर जाणे बंद झाले. आता करवंदे तोडायला टेकडीवर जायचे, एवढेच तिच्या हाती उरले. विलासने तिच्या एका मैत्रिणीच्या हाती मला तिच्याकडे पाठवले. तेव्हापासून रोज सकाळी ती करवंदीच्या जाळीत बसे. तो पल्याडच्या काळ्या खडकावर उभा राही. तो शब्द काढी, ती माझ्यातून वाची आणि लाल ओढणी वर करी. तिच्याकडे निशाणे नव्हती, म्हणून तिला उलट बोलता येत नव्हते. 'पोचलं', एवढेच सांगता येत होते.

पण ते वर्ष साधे नव्हते. कारगिलला लढाई पेटली होती. टीव्हीवर रोज शवपेट्या दिसत. हेर धरणावर येणार, विमानाला खुणा करणार, धरण फुटणार, अशा गोष्टी चावडीवर चालत. गावाने रखवालीचे दल केले आणि त्याचे पुढारी झाले हैबतराव. म्हशी राखणाऱ्या कोंडाजीने खडकावरचा माणूस पाहिला आणि धावत येऊन सांगितले. पोलीस पाटील अण्णासाहेबांनी पौडच्या पोलीस ठाण्यात फोन केला. "निशाणं दावणारा पल्याड हाय, मंग बघणारा अल्याड असणारच," हैबतराव म्हणाले, आणि काठ्या घेऊन सगळे टेकडी चढू लागले.

त्या सकाळी विलासचे हात जड होते. मी त्याला इतकी वर्षे पाहिले आहे, मला कळते. त्याने शब्द काढले. सुट्टी. रद्द. उद्या. जहाज. प्रत्येक शब्दाला हेमलताने ओढणी वर केली, पण दर वेळी थोडी उशिरा. मग त्याने पुढचा शब्द काढला आणि तेवढ्यात जाळी बाजूला झाली. हैबतरावांनी तिचे मनगट धरले.

"हेमे? तू? हितं?"

"करवंदं..."

"करवंदं तोडायला दुर्बीण लागती व्हय गं?" मागून कोंडाजी म्हणाला. हैबतरावांनी त्याच्याकडे असे पाहिले, की तो दोन पावले मागे गेला.

हैबतरावांनी मला हिसकून डोळ्यांना लावले. "आरं, हे तर पार लांब गेलं!"

"उलटी धरलीया," अण्णासाहेब म्हणाले.

त्यांनी मला सुलट धरले. त्यांचा श्वास माझ्या काचेवर गरम लागत होता. "ह्यो तर सगुणाबाईचा विलास. नेव्हीतला."

"मंग तर पक्कंच!" कोंडाजी म्हणाला. "घरचाच भेदी! बगा, बगा, सारखं तेच करतोय. इमानाला खूण हाय ती. आता फुटतंय धरान."

"जीप निघालीय पौडातनं," अण्णासाहेब म्हणाले. "पल्याडच्या गावात जाऊन धरत्याल त्याला."

मित्रांनो, हेमलताचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पोलिसांनी विलासला चौकशीला म्हणून दोन दिवस जरी बसवले, तरी जहाज त्याच्याशिवाय जाणार होते. लढाईच्या वेळी जहाज चुकलेल्या जवानाला कोणी 'चुकला' म्हणत नाही, 'पळाला' म्हणतात. ती गप्प राहिली असती तर तिची अब्रू राहिली असती, आणि त्याची गेली असती.

"इमानबिमान काय न्हाई," ती म्हणाली. "मी हात वर केला न्हाई, म्हणून त्यो त्योच शब्द करतोय. हात वर जाईपतोर थांबायचा न्हाई."

"कंचा शब्द?"

"वडिलांना."

"कुणाच्या वडलांस्नी?"

"माझ्या. तुमास्नी, आबा."

वारा पडला होता. खाली पाण्यावर लाँचची धडधड तेवढी ऐकू येत होती. पल्याड विलास तोच शब्द पुन्हा पुन्हा काढत होता. त्याचे खांदे भरून आले असतील.

"मला काय?" हैबतरावांनी विचारले.

"त्ये फुडच्या शब्दात येईल. हात सोडा, मंग कळंल."

त्यांनी हात सोडला. मला तिच्या छातीशी ढकलत म्हणाले, "घे. वाच. मोठ्यानं वाच. आन खोटं वाचलंस तर—"

"तुमीच शिका की मंग," ती म्हणाली. तिचे तिलाच आश्चर्य वाटले असावे. ओढणी वर गेली.

पल्याडचे हात क्षणभर खाली आले, आणि पुन्हा उठले.

"काही," तिने वाचले. ओढणी. "बोलू." ओढणी. "नको."

"ऐका!" कोंडाजी ओरडला. "बापाला बोलू नको म्हणतोय! डाव हाय ह्यो!"

हैबतरावांचे कान लाल झाले. काठीवरची मूठ आवळली. "अजून हाय?"

"हाय." ओढणी वर गेली, आणि आता उशीर नव्हता. "मीच. येतो. आज. विचारायला."

"काय विचारायला?" कोंडाजी म्हणाला.

अण्णासाहेब हसले. "कोंडाजी, देवानं तुला म्हशीमागं धाडलं त्ये बरं केलं बाबा."

हैबतराव हसले नाहीत. ते खाली बसले आणि पल्याडच्या खडकाकडे पाहिले. मग म्हणाले, "त्याला म्हणावं, ये."

"मला तेवढं सांगता येत न्हाई, आबा. निशाणं त्याच्यापाशी हायेत. मला निस्तं पोचलं म्हणता येतं."

"मंग तेवढंच म्हण," ते म्हणाले.

अण्णासाहेब फोनकडे धावले आणि त्यांनी ठाण्याला वायरलेसवरून जीप अल्याडच्या गावात वळवायला लावली. दुपारी विलास लाँचमधून उतरला तो पांढऱ्या गणवेशात, टोपी काखेत धरून. धक्क्यावर रखवालीचे दल काठ्यांसह उभे होते. काठ्या ठेवायचे कोणाला सुचलेच नव्हते. जीपमधून आलेल्या फौजदारांनी ओळखपत्र पाहिले, बोलावण्याची तार पाहिली आणि त्यालाच सलाम केला.

हैबतरावांनी एकच गोष्ट विचारली. "पाण्यावरची नोकरी. पोरगी एकली ऱ्हाईल."

"व्हय, मामा. ऱ्हाईल," विलास म्हणाला. गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. त्याने नेली नाही. मला वाटते, हैबतरावांना तेच पटले. "जाऊन ये," ते म्हणाले. भूगावला त्यांनी दुसऱ्याच दिवशी नकार कळवला. विलासला धरायला निघालेल्या जीपनेच त्याला त्याच संध्याकाळी पुण्याच्या स्टेशनवर सोडले.

पुढचे महिने मी विसरणार नाही. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. ढग पाण्यावर येऊन बसतात आणि हात पुढे केला तर बोटे दिसत नाहीत. त्या पावसात हैबतराव डोक्यावर इरले घेऊन, मला गळ्यात अडकवून रोज टेकडीवर जात. समुद्र तिथून दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी जात. पल्याडच्या रिकाम्या खडकाकडे पाहत. घरी येऊन हेमलताला म्हणत, "धुकं लई हाय गं. न्हाईतर दिसला असता."

ती गरम चहा पुढे ठेवी.

माझ्या डाव्या डोळ्यात ओल शिरली ती त्या पावसात. पुढे त्या ओलीची बुरशी झाली. मला त्याचा राग नाही. चांगल्या कामात झालेली जखम आहे.

विलास दिवाळीच्या सुमारास परतला. लग्न झाले. हेमलता खरोखरच पुष्कळ वर्षे एकटी राहिली, कधी गावी, कधी नौदलाच्या वसाहतीत. मग घरोघरी मोबाईल आले. निशाणे ट्रंकेत गेली, मी खुंटीवर. हैबतराव होते तोवर माझी धूळ पुसत, धोतराच्या सोग्याने का होईना. ते गेले. जमिनीचे तुकडे विकले गेले. २००७ साली विलास निवृत्त झाला आणि भूगावच्या या फ्लॅटमध्ये आम्ही आलो. मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. विलास आता महाळुंग्याच्या एका नव्या गृहसंकुलात सुरक्षेचे काम पाहतो. घरी येतो तो बूट न काढताच खुर्चीत झोपी जातो. हेमलता ते बूट हळूच काढते. ज्यांचे पायच दुखतात त्यांनी माळ्यावर कशाला चढावे? मी तीन पावसाळे त्या पिशवीत घामेजत राहिले. मीही थकले.

आणि आज, गणपतीच्या साफसफाईत, तुम्ही मला खाली काढलेत. तुमचे हात लागल्यावर मला बरे वाटले. पण तुम्ही मला गच्चीत नेलेत, समोरच्या अर्धवट इमारतीवर रोखलेत, आणि पहिला शब्द काय उच्चारलात? "अतिरेकी!" तिथे जो दिसला, तो दूरच्या मुलखातून पोट भरायला आलेला मजूर आहे. वरच्या मजल्यावर नव्या सिमेंटवर पाइपने पाणी मारतो आहे. हातातली ती लांब वस्तू म्हणजे पाइप. माझ्या एका डोळ्यालाही ते दिसले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना पिशवीत कोंडू नका. कोरड्या जागी ठेवा, मऊ कापडाने पुसा, अधूनमधून कोवळे ऊन दाखवा. आम्ही फार मागत नाही. आणि एक गोष्ट या थकलेल्या दुर्बिणीची ध्यानात ठेवा. मी लांबचा माणूस जवळ आणू शकते. तो कोण आहे, हे मला सांगता येत नाही. त्यासाठी त्याच्यापर्यंत चालत जावे लागते.

तो आता जेवायला खाली उतरेल. जा, त्याचे नाव विचारून या. मला इथे कट्ट्यावर ठेवा. ऊन चांगले आहे.