अण्णांच्या मापाची गाडी

"सुतळीचं ते टोक घट्ट धरा आक्का. ढिलं सोडू नका."

गाडीखालून आलेला आवाज भरमूचा होता, पण रोजच्यासारखा खणखणीत नव्हता. दुसरं टोक धरून पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली होती श्रद्धा, निपाणीच्या पद्मराज अण्णांची सून. स्वतः अण्णा खुर्चीत बसून चहा पीत होते आणि आपला यात काही संबंध नाही असा चेहरा करून समोरच्या पत्र्याकडे बघत होते.

गाडी अण्णांची. इंग्रज बनावटीची, दोन सिटांची, बिनटपाची आणि इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ निजायचंच. तंबाखूच्या धंद्यातल्या माणसाने ट्रक घ्यावा, जीप घ्यावी. अण्णांनी तरुणपणी कुणाचंही न ऐकता ही घेतली आणि उभी हयात निपाणी-बेळगाव रस्त्यावर मिरवली. बेळगावजवळ कंग्राळीच्या फाट्यावरच्या भरमूच्या गॅरेजात ती आली की आजूबाजूची माणसं कामं टाकून बघायला यायची. पाटे, स्प्रिंगा, शॉकअप म्हटलं की या भागात भरमूचंच नाव निघे, आणि त्या नावात या गाडीचा वाटा मोठा होता.

पंधरवड्यापूर्वीच त्याने तिचं सगळं खालचं काम नव्याने केलं होतं. आणि काल अण्णांचा फोन आला. "भरमू, गाडी डाव्या अंगाला कलंडाय लागल्या रं. खड्डा आला की मागचं टायर मडगार्डला घासतंय."

तेव्हापासून भरमू धास्तावला होता. त्याला कारणही होतं. त्या कामाच्या वेळी जॅकवर उचलताना गाडी कुठंतरी करकरली होती. त्याने बॅटरी मारून खालून सगळं पाहिलं, काही दिसलं नाही, म्हणून पुढचं काम उरकलं. आता त्या करकरीशिवाय त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडाच, वाकली असेल तर गाडी संपली. तसली चॅसी आता मिळायची कुठं? अण्णांनी शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. पण अण्णा शिव्या घालणारे नव्हते. ते नुसतं "असू दे रं" म्हणाले असते, गाडी गोदामात झाकून ठेवली असती, आणि भरमूला पुन्हा निपाणीला तोंड दाखवायची सोय उरली नसती.

त्याने घाई केली नाही. सुतळी धरण्याआधी जमीन सपाट आहे का ते गवंड्याच्या पाणसळीने पाहिलं. चारी टायरांत हवा सारखी केली. गाडी मागे-पुढे ढकलून स्प्रिंगांवर नीट बसू दिली. मडगार्डावर दोन्ही हातांनी दाब देऊन सोडला. गाडी एकदा वर आली आणि जागेवर थांबली, म्हणजे शॉकअप ठीक होते. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत टेप धरून चारी कोपऱ्यांची उंची घेतली. उजवी बाजू बोटभर वर होती.

ती तशी असायलाच हवी होती. भरमूची कामाची एक रीत होती. गाडीची उंची बांधायची ती चालवणाऱ्याचं वजन धरून. शेजारी गुळाची वखार, म्हणून तो गिऱ्हाइकाच्या वजनाइतक्या ढेपा गोणपाटात गुंडाळून ड्रायव्हरच्या सिटावर ठेवी आणि मग स्प्रिंगखाली उंचीपुरतं पॅकिंग घाली. अण्णा चांगले भरदार. त्यांच्या ढेपा रचताना वखारवाला म्हणाला होता, "भरमू, आता लग्नाचाच गूळ न्यायलास व्हय?" म्हणजे रिकामी गाडी उजवीकडे वर आणि अण्णा बसले की सपाट, हा हिशेब बरोबर होता.

आता सुतळीने त्याने चॅसीचे कोपरे तिरपे मापले. एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. खात्री पटेना म्हणून पुन्हा मापले. दोन्ही मापं सारखी.

भरमू गाडीखालून बाहेर आला आणि तसाच जमिनीवर बसून राहिला. "चॅसी सरळ हाय," तो म्हणाला. मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच. छातीवरून कुणी दगड उचलावा तसं त्याला झालं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने ऑइलच्या फडक्यानेच पुसलं आणि गालभर काळं करून घेतलं.

"मग घासतंय कशानं?" श्रद्धाने विचारलं.

"त्येच बघाय पायजे. दोघंबी बसा बघू गाडीत, वजन टाकून बघतो."

अण्णा उठले, कप खुर्चीवर ठेवला, सरळ गाडीच्या डाव्या बाजूला गेले आणि दार उघडून एक पाय आत घातला. मग थबकले. श्रद्धा उजव्या दाराशी उभी होती, किल्ली तिच्या हातात.

भरमू एकाकडून दुसरीकडे बघत राहिला.

"मामा, आता सांगून टाका की," श्रद्धा सासऱ्यांना हळूच म्हणाली.

अण्णांनी पाय बाहेर काढला. "साखरेच्या दुखण्यानं तळपाय मेलेत रं भरमू. ब्रेकावर पाय हाय का क्लचवर, कळतच न्हाय. वरीस झालं, हीच चालवत्या."

"पण त्यादिवशी तर तुमीच घिऊन आलता!"

"फाट्याच्या अलीकडं थांबवायला लावतात," श्रद्धा म्हणाली. तिचा राग आता लपत नव्हता. "मला उतरवतात आणि स्वतः बसतात. बेळगावात सून चालवत्या आणि सासरा शेजारी बसलाय असं दिसायला नको म्हणून. माझा जीव टांगणीला लागतो तेवढ्यात."

भरमू आधी हसला. सगळं लख्ख कळलं होतं. ज्या बाजूला पंधरवड्यापूर्वी अण्णांचं वजन धरून नवं पॅकिंग घातलं तिथे ही काटकुळी पोरगी, आणि भरदार अण्णा पलीकडे. गाडी कलंडणार नाही तर काय करेल? पण अण्णांच्या चेहऱ्याकडे नजर गेली आणि त्याचं हसू ओसरलं. गाडीच्या दारावर त्यांनी हात ठेवला होता, तो उचलत नव्हते.

"अण्णा, कसं करू सांगा," तो म्हणाला. "तुमी म्हणाल तसं."

अण्णांनी दारावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "हिच्या मापानं बसीव."

"आन् परत तुमाला चालवायची झाली तर?"

"न्हाय चालवणार." आणि मोठा सुस्कारा सोडून, "सुटलो बघ. फाटा आला की घाम फुटायचा मला."

पॅकिंग काढायला, दोघांना आत बसवून पुन्हा मापं घ्यायला दुपार झाली. शेवटी गाडी दोघांना घेऊन ताटासारखी सपाट उभी राहिली. निघताना फाट्यावर नेहमीची माणसं जमली होतीच. त्यांच्यादेखत श्रद्धाने गाडी सुरू केली, आणि डाव्या सिटावरून अण्णांनी सगळ्यांना रामराम केला.

तासाभराने राहवेना म्हणून भरमूने फोन लावला. अण्णांनीच उचलला.

"घासतंय का अण्णा?"

"छे. पाण्यावानी चालल्या. आमी थांबलोय हितं, संकेश्वरच्या अलीकडं."

"का? काय झालं?"

"काय न्हाय रं. डाव्या अंगाला तळं हाय, बगळे बसल्यात लई. उभी हयात ह्या रस्त्यानं गेलो मी भरमू, नजर सदा रस्त्यावर. ह्या वरसात शेजारी बसलो तरी ध्यान फाट्याकडंच. कवाच बघितलं न्हवतं."